पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

पनवेलमध्ये एका शाळेच्या जुन्या इमारतीत तेव्हा लहान मुलांसाठी विज्ञान संग्रहालय निघालं होतं. संग्रहालय म्हणजे इनमीन तीन खोल्या. पहिल्या दोन खोल्यांत काचेच्या पेट्या, दगड, शिंपले, पक्ष्यांची घरटी आणि 'हात लावू नये' अशा पाट्या. तिसरी खोली मात्र साडेतीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंतच्या मुलांची, आणि तिथे सगळ्याला हात लावायचाच असायचा. पाण्याचं लांबट टाकं, वाळू, लोहचुंबक, कप्पीला लटकवलेल्या छोट्या बादल्या, उभ्या चिरलेल्या पाइपांतून सोडायच्या गोट्या. मुलांनी मनाला येईल ते करावं, ओलं व्हावं, पाडावं, परत रचावं.

हात लावायला बंदी होती ती आम्हाला. दारातून आत आलं की जमिनीवर एक पिवळी पट्टी रंगवलेली होती. पट्टीच्या अलीकडे भिंतीला लागून बाक. आईबापांनी त्या बाकावर बसायचं आणि पट्टी ओलांडायची नाही. मूल चुकलं, रुसलं, रडलं तरी नाही. त्याचं त्याला सुचू द्यायचं. खोली सांभाळायला एक तरुण ताई होती. बाकावर बसलेल्या समस्त बायकांना ती 'आई' म्हणायची आणि पुरुषांना 'बाबा'. एखादी बाई नुसती पुढे वाकली तरी तिकडून आवाज यायचा, "आई, हात मागे!" आणि बाकावरच्या सगळ्याच आया दचकून हात मागे घ्यायच्या. मला तर वाकायचीच काय, उठून धावायची सवय. म्हणून मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. अर्ध्या तासात हातांना मुंग्या यायच्या, पण त्याशिवाय मी जागेवर राहिले नसते.

माझी मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. जन्मताना तिचा खांदा अडकला होता. बाहेर काढताना मानेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या गेल्या आणि उजवा हात लुळा घेऊनच ती आमच्याकडे आली. कुणाला बोल लावावा तर तसा कुणाचाच दोष नव्हता. तिचा जीव वाचला हेच खूप, असं सगळे म्हणाले. पुढे तो हात बराचसा जागा झाला. बोटं हलायला लागली, मूठ वळायला लागली. दोन गोष्टी तेवढ्या आल्या नाहीत. हात बाजूला पसरून खांद्याइतका वर जायचा नाही, आणि तळवा वर वळायचा नाही. कोपर अंगाला चिकटलेलं आणि तळहाताचं तोंड कायम जमिनीकडे. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, की पहिलीत जाईपर्यंत मन लावून व्यायाम करून घ्या. तोवर जेवढा हात मिळेल तेवढा तुमचा. नंतर फारसा फरक पडत नाही.

म्हणजे आमच्या हातात दीडएक वर्ष होतं, आणि मी त्यातला एकही दिवस वाया जाऊ द्यायला तयार नव्हते.

तळवा वर वळत नाही, ही काय एवढी मोठी गोष्ट, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. पण आपल्याकडे मूल धड बोलायच्या आधी 'उजवा हात, बाळा, उजवा' हे शिकतं. देवळात, पूजेला, बारशाला, हळदीकुंकवाला, संक्रांतीच्या तिळगुळाला, जिकडे जाल तिकडे उजवा तळवा वर करून पुढे धरायचा असतो. डावा पुढे केला की देणाऱ्याचा हात तिथल्या तिथे थांबतो. माझ्या पोरीच्या पुढे असे किती हात थांबले असतील. कुणी वाईट हेतूने थांबवत नव्हतं. हसून, लाडाने, वाट बघत थांबायचे. त्या लाडाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

घरात हेच काम सासूबाई करायच्या. त्या खाडीकाठच्या गव्हाण गावच्या. सगळा जन्म तिथे काढून, नवऱ्यामागे लेकाकडे म्हणून करंजाड्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. मी पनवेल बाजारपेठेतली, त्यामुळे आमचं बोलणं वेगळं, स्वयंपाक वेगळा आणि भांडायची पद्धतही वेगळी. मी फाडफाड बोलून मोकळी व्हायचे, त्या गप्प बसून भांडी आपटायच्या. नातीवर मात्र त्यांचा जीव. चिंबोरी केली की नांग्या स्वतः फोडून, आतला गर काढून तिच्या ताटात ठेवायच्या. आणि पोरीने डाव्या हाताने तो उचलला की लगेच, "उजव्यान खा गो बाय. देवान तोच हात दिलाय खायाला." मग ती बिचारी उजवा हात ताटाकडे न्यायची, मान खाली घालून तोंड हाताकडे आणायची, आणि अर्धा गर फ्रॉकवर. मी भडकायचे. सासूबाई भांडी आपटायच्या. नवरा बंदरावर कंटेनरच्या कामाला होता, पाळ्यांची नोकरी. घरात असला तर भिंतीकडे बघत जेवायचा.

एकदा खालच्या मजल्यावर सत्यनारायण होता. पूजा झाली, सगळे तीर्थाला रांगेत उभे राहिले. गुरुजी पळीने तीर्थ देत होते. हिने डावा हात पुढे केला. पळी थांबली. "उजवा, बाळ, उजवा," गुरुजी हसत म्हणाले. हिने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि मग जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं आणि ओला कपडा पिळावा तसा तो हात पिळायला लागली. ओठ दाबून, सगळा जोर लावून. तळवा जेमतेम आडवा झाला. गुरुजींनी तेवढ्यावर पळी रिकामी केली. तीर्थ बोटांवरून घरंगळून कोपरापर्यंत गेलं आणि तिथून फरशीवर.

"नीट धर गो हात," सासूबाई पुटपुटल्या.

"नाही वळत तिचा हात!" मी ओरडले. केवढ्याने ओरडले ते खोली एकदम गप्प झाली तेव्हा कळलं. यजमानीणबाई प्रसादाचं पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

जिन्यात आमची जुंपली. मी म्हटलं, "आई, सगळ्यांसमोर तिला असं बोलत जाऊ नका. तिला जमत नाही तर ती काय करणार?"

"मी काय वायट सांगते?" त्या म्हणाल्या. "लानपनी सवय लागली त लागली. उद्या मोठी झाली, लोकं हिच्या डाव्या हाताकर बघतीन, तवा तू काय सगल्यांवर वरडत फिरशील? तवा आमी कुठं असनार हाव?" त्यांचे डोळे भरले होते. मला ते दिसले, आणि तरीही मी त्यांच्याआधी धाडधाड जिना चढून वर गेले.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, की रोज तासभर हिचा डावा हात बांधून ठेवा. चांगला हात मोकळा असला की मूल दुसऱ्या हाताकडे ढुंकून बघत नाही. चांगला बंद केला की झक मारत दुसरा वापरावा लागतो. सासूबाई जे देवाच्या नावाने सांगत होत्या, तेच या बाई शास्त्राच्या नावाने सांगत होत्या. उजव्याने कर, उजव्याने कर. फरक एवढाच, की सासूबाई नुसतं बोलायच्या आणि मला बांधायचं होतं.

नवऱ्याचा कामावरच्या बुटांत घालायचा जाड मोजा घेतला. डाव्या हातात कोपरापर्यंत चढवला आणि वरून रिबीन बांधली. पोरीला सांगितलं, डावा झोपला, आता उजव्याचा खेळ. पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. दुसऱ्या दिवसापासून तिने उजवा हात सोडून अंगातलं बाकी सगळं वापरायला सुरुवात केली. बाहुली हनुवटीखाली धरायची. डब्याचं झाकण दातांनी. रंगाची कांडी पायाच्या बोटांत पकडून चित्र काढायची, आणि चित्रही बरं यायचं. हसावं की रडावं कळेना. सासूबाई त्या तासाला गॅलरीत जाऊन बसायच्या. हात बांधलेला त्यांना बघवत नव्हता. एकदा म्हणाल्या, "मी नुसती बोलत व्हती त तू मना खायाला उठत व्हतीस." मी मोज्यावरची रिबीन आणखी घट्ट केली.

घरात काही होईना म्हणून बाईंनीच सुचवलं, तिला भुरळ पडेल अशा जागी न्या, खेळताना तिचं तिला कळणारही नाही. म्हणून आम्ही सुट्टीच्या सकाळी त्या संग्रहालयात जायला लागलो.

पहिल्याच दिवशी मोज्यावरून ताईशी खटका उडाला. ती म्हणाली, "आई, इथे मुलांना मोकळं सोडायचं असतं." मी म्हटलं, "मोकळं सोडायलाच बांधलंय." ती बघतच राहिली. मग मी सगळं समजावलं, तिने वरच्या सरांना विचारून घेतलं, आणि परवानगी मिळाली. पण मी मोजा चढवायला लागले की ती दर वेळी खिडकीकडे बघत उभी राहायची. बाकावरच्या बायकांचं तसं नव्हतं, त्या टक लावून बघायच्या. "काय, भाजलंय का हाताला?" एकीने विचारलं. मी खरं ते सांगितलं. "म्हणजे चांगला हात बांधून ठेवलाय? अगं आई गं!" असं म्हणून ती बाकावर जरा पलीकडे सरकली. सरकू दे म्हटलं. मी काय तिथे मैत्रिणी जोडायला गेले नव्हते.

आणि खरंच, तिथे पोरगी त्या हाताने खेळायला लागली. पाण्याच्या टाक्याशी बाकीची मुलं डबे भरून चाकावर पाणी ओतायची. चाक गरगर फिरायचं. हिला ते हवंच होतं. डबा उजव्या हातात धरायची, भरायचीही, पण ओतायला मनगट वळायला हवं, ते वळायचं नाही. मग ती सगळं अंगच वाकडं करायची, कमरेत, खांद्यात, जवळजवळ आडवी व्हायची. पाणी चाकाच्या बाहेर, बुटांत, शेजारच्या मुलाच्या डोक्यावर. आणि मी बाकावर मांड्यांखाली हात दाबून. माझं स्वतःचं मनगट आतल्या आत वळत असायचं. डब्याला माझा एक हात नुसता टेकवला असता तरी चाक फिरलं असतं. पण टेकवायचं नाही, हाच तर औषधाचा भाग होता. आईने मदत करू नये म्हणून आईला बसवायला एवढी मोठी खोली, पिवळी पट्टी आणि एक ताई लागत होती.

खोलीच्या टोकाच्या भिंतीवर दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या मुलाचं चित्र होतं. चित्रातल्या तळव्यांच्या जागी तांब्याच्या चकत्या ठोकलेल्या, आणि डोक्यावर खराखुरा बल्ब. आपण चित्राला तोंड करून उभं राहायचं, हात पसरून एक तळवा या चकतीवर आणि एक त्या चकतीवर ठेवायचा. अंगातून वीज जायची, इतकी थोडी की कळायचीसुद्धा नाही, आणि बल्ब लागायचा. अगदी लहानग्यांचे हात पुरायचे नाहीत, तेव्हा दोघं-तिघं एकमेकांचे हात धरून साखळी करायची. तरी बल्ब लागायचा. मग सगळी आरडाओरडा करायची.

आमच्या मुलीला साखळी नको होती. तिला एकटीने बल्ब लावायचा होता, आणि ते खूळ मीच तिच्या डोक्यात घातलं होतं. पहिल्या दिवशी परतताना रिक्षात मी तिला सांगितलं, "ज्या दिवशी तू एकटीने तो बल्ब लावशील ना, त्या दिवशी तुझा हात बरा झाला. मग मोजा नाही, व्यायाम नाही, काही नाही." मूल आहे, काहीतरी आमिष नको का! तेवढ्यासाठी सांगितलं. तिने ते मनाशी पक्कं धरलं. खेळ संपला की मोजा काढायचा आणि मग भिंतीशी जायचं, असा नेमच झाला. डावा तळवा चकतीवर टेकवायची आणि उजवा हात भिंतीवरून सरपटत, बोटांनी पुढे पुढे नेत, जाईल तिथपर्यंत न्यायची. पहिल्यांदा बोटं आणि चकती यांत चांगली वीतभर जागा राहिली होती. मी बाकावरून डोळ्यांनी मोजलं.

पावसाळा संपेपर्यंत ती वीत निम्मी झाली. दिवाळीनंतर आणखी कमी. मला तर आकाश ठेंगणं झालं. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तो कामावर होता, मागे कंटेनर आपटल्याचे आवाज येत होते, तरी मी ओरडून सांगितलं. सासूबाईंनासुद्धा सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी एकवीरा पावली." मी म्हटलं, "पावू दे, पण मोजा सोडायचा नाही." त्या हसल्या. त्या काळात आमच्या घरात भांडी आपटली नाहीत.

मग ते थांबलं. दोन बोटांवर येऊन थांबलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पोरगी भिंतीला गाल चिकटवायची, टाचा उचलायची, जीभ बाहेर काढून ताणायची. दोन बोटं ती दोन बोटंच. मी एका तासाचा दीड तास केला. कधी दुपारीही मोजा चढवायला लागले. व्यायामाच्या बाईंनी एक दिवस तिचा खांदा नीट मोजून बघितला आणि हळूच म्हणाल्या, "हात पावसाळ्याआधी जेवढा उघडत होता तेवढाच उघडतोय हो. मुलीची उंची वाढली आहे." मला पटकन कळलंच नाही. रिक्षात बसल्यावर कळलं. मी इतके महिने ज्याच्यावर खूश होते तो तिचा हात नव्हता. पोरगी वाढत होती, म्हणून भिंतीवरची जागा कमी होत होती. इतर मुलांसारखीच ती वाढत होती, आणि मला त्याचा आनंदसुद्धा नीट करता येईना.

मार्चच्या शेवटी मुंबईला तपासणी होती. डॉक्टर चांगले होते, त्यांनी घाई केली नाही. तिला बॉल फेकायला लावला, भिंतीला पाठ लावून हात उचलायला लावला, तिच्या तळहातावर लिमलेटची गोळी ठेवायचा प्रयत्न केला. गोळी दर वेळी खाली पडली. तिसऱ्यांदा तिने ती डाव्या हाताने झेलली आणि तोंडात टाकली. डॉक्टर हसले, आम्ही हसलो. मग तिला बाहेर नर्सकडे पाठवून ते म्हणाले, "पहिलीला अजून वेळ आहे, पण इतक्या महिन्यांत काही हललेलं नाही. आता हा हात एवढाच राहील. ऑपरेशनने तळवा थोडा वळवता येतो, पण आज आहे ती पकड जाण्याची भीती असते. माझी मुलगी असती तर मी केलं नसतं." मी विचारलं, "आणि बांधायचं?" ते म्हणाले, "बंद करा आता. झालं तेवढं झालं. खूप केलंत तुम्ही."

खूप केलंत, हे शब्द शाबासकीचे होते. मला ते कानाखाली मारल्यासारखे लागले.

घरी आलो तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय बोल्ला डाक्तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एवढाच राहणार म्हणाले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि आत जाऊन पोळ्यांना लागल्या. भांडं एकही वाजलं नाही. एकदा तरी आपटावं असं मला वाटत होतं.

पुढची सुट्टी आली. पोरगी सकाळी बूट घालूनच उठवायला आली. मी जाणार नव्हते. तिथे जायला आता कारण उरलं नव्हतं. पण तिला ते कसं सांगायचं? शेवटी सासूबाई म्हणाल्या, "चल, मीपन येते," आणि चांगलं लुगडं नेसून तयार झाल्या. एवढ्या महिन्यांत त्या एकदाही तिथे आलेल्या नव्हत्या.

त्या खोलीच्या दारात आल्या आणि चपला काढून बाहेर ठेवल्या. ताई म्हणाली, "आजी, चपला चालतात इथे." तरी त्या अनवाणीच आत आल्या, बाकावर माझ्या शेजारी अंग चोरून बसल्या आणि डोळे मोठे करून सगळीकडे बघत राहिल्या.

पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने डावा हात पुढे केला. मला पटकन कळलं नाही. मग कळलं. ती मोजा चढवून घ्यायला उभी होती. इतक्या महिन्यांच्या सवयीने, न सांगता, न कुरकुरता, आपला चांगला हात बांधून घ्यायला पुढे करून. मोजा माझ्या पर्समध्येच होता. घराबाहेर पडताना मी तो काढून ठेवला नव्हता.

"आज नको," मी म्हटलं.

"का?"

"आता मोजा नाही घालायचा. डॉक्टरकाका म्हणाले ना."

मग तिचा सगळा चेहरा फुलला. "म्हणजे माझा हात बरा झाला?"

हो म्हणायचं तर खोटं, नाही म्हणायचं तर कुणी म्हणायचं? ताई बाजूलाच उभी होती, तिनेही मान फिरवली. माझ्या गप्प बसण्याचा पोरीने तिला हवा तोच अर्थ घेतला. पाण्याकडे नाही, वाळूकडे नाही, ती धावत सरळ भिंतीकडे गेली. पुढे उभी असलेली मुलं बाजूला झाली. तिने डावा तळवा चकतीवर ठेवला आणि उजवा हात झोकात उडवला. बरा झालेला हात कसा उडवतात तसा.

तो नेहमीच्या जागी जाऊन थांबला. दोन बोटं अलीकडे.

तिने परत उडवला. मग टाचा उचलल्या, गाल भिंतीला लावला, बोटं सरपटवत नेली. मग तिने मान वळवून बाकाकडे, माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. नुसती विचारत होती, की आई, तू तर म्हणाली होतीस. मी मांड्यांखाली हात घालून बसले होते आणि मला ते काढताच येईनात. ताईचा धाक नव्हता तेव्हा, नियमाची आठवणही नव्हती. उठून तिच्यापर्यंत गेले असते तरी तिथे जाऊन करणार काय होते मी?

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. सासूबाई उठल्या होत्या. त्या पिवळ्या पट्टीवरून सरळ पलीकडे गेल्या. "आजी, हात…" ताईने सुरुवात केली आणि तिथेच थांबली.

सासूबाई नातीच्या उजव्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या. मग खाली बघत, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात म्हणाल्या, "बरा नाय झाला गो बाय. तो असाच हाय. असाच असनार."

"पण आई म्हणाली होती…"

"आईला वाटत व्हता व्हईल. आमाला सगल्यांनाच वाटत व्हता." त्यांनी आपला उजवा तळवा तांब्याच्या चकतीवर टेकवला आणि दुसरा हात तिच्यापुढे धरला. "आन हात."

पोरीने त्या हाताकडे पाहिलं. मग आजीच्या तोंडाकडे पाहिलं. "आजी," ती अगदी हळू, आजीची चूक इतरांना कळू नये अशा आवाजात म्हणाली, "हा तुझा डावा आहे."

"असूं दे," सासूबाई म्हणाल्या. "आन."

तिने आपला उजवा हात उचलला, जेवढा उचलायचा तेवढाच, तळवा जमिनीकडे, आणि आजीच्या डाव्या हातात ठेवला. आजीने मूठ मिटली. बल्ब लागला.

मागची मुलं ओरडली. पोरगी मान वर करून बल्बकडे बघत राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. सासूबाईंनी हात सोडला नाही. त्यांना तो सोडताच येणार नव्हता, सोडला की दिवा जाणार होता. मागे रांग वाढत होती. कुणाची तरी आई म्हणाली, "झालं का हो तुमचं?" ताई पुढे झाली, आणि दोन्ही हात पसरून रांगेसमोर उभी राहिली.

मी बाकावरून उठले आणि पट्टीपाशी आले. त्यापुढे मला जाता आलं नाही. तिथेच उभी राहून मी तो बल्ब बघत राहिले, आणि त्या दोघी, आजी आणि नात, बल्ब तसाच पेटता ठेवून रडत राहिल्या.